पोलीस दारात आणि 'हो' दुसऱ्याचं: अमेरिकेतली घरझडती आणि संमती, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरात दुपारी बेल वाजली की दार कोण उघडतं? बहुतेक वेळा नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेली आजी, नाहीतर शाळेतून नुकतं आलेलं पोर, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला रूममेट. पोलिसांना ज्याच्याबद्दल विचारायचं असतं तो असतो ऑफिसात. अशा वेळी दारातल्या माणसाने 'या ना आत' म्हटलं, तर त्या दोन शब्दांना कायद्यात केवढं वजन आहे, हे घरातल्या कुणीच कुणाला सांगितलेलं नसतं.

मी न्यायालयांत मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. वकील नाही. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यापैकी कुणाचीही गोष्ट इथे नाही. सगळी उदाहरणं जाहीर निकालांमधली आहेत. तुमच्यावर खरोखरच प्रसंग आला असेल तर हे वाचत बसू नका, तुमच्या राज्यातल्या फौजदारी वकिलाला फोन करा.

वॉरंट नसताना पोलीस घराची झडती घेऊच कशी शकतात?

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ पासून लागू आहे. तिच्यामुळे घराच्या झडतीला न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, हा मूळ नियम. त्याला अपवाद आहेत: आत कुणाच्या जिवाला धोका असणं, पुरावा त्या क्षणी नष्ट होत असणं, असे काही. त्यातला पोलिसांना सगळ्यांत सोपा पडणारा अपवाद म्हणजे संमती. त्यासाठी न्यायाधीशापुढे जायला नको, संशयाचं कारण मांडायला नको. विचारायचं, आणि समोरच्याने हो म्हटलं की आत जायचं. हो म्हणणारा माणूस संशयितच असला पाहिजे, असंही नाही. सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

माझ्या खोलीला संमती देणारा दुसरा कोण?

तुमच्याबरोबर ती जागा वापरणारा. याचा पाया १९७४ च्या मॅटलॉक निकालात आहे. विस्कॉन्सिन राज्यातलं पार्डीव्हिल हे गाव. बँक लुटल्याच्या संशयावरून मॅटलॉकला घरासमोरच्या अंगणात अटक झाली. घरात शिरू का, असं पोलिसांनी त्याला विचारलंच नाही, जरी तो तिथेच होता. त्यांनी विचारलं दारात आलेल्या बाईंना. कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता. त्यांनी पोलिसांना आत घेतलं आणि मॅटलॉक व त्या मिळून वापरत होत्या ती झोपायची खोली दाखवली. कपाटात मुलाच्या लंगोटांची पिशवी होती, तिच्यात ४,९९५ डॉलर रोख निघाले.

सर्वोच्च न्यायालयाने ही झडती वैध ठरवताना एक गोष्ट स्पष्ट केली, आणि ती आपल्याकडच्या माणसांना हमखास चकवते. घर कुणाच्या नावावर आहे, भाडेकरारावर सही कुणाची, हा मुद्दा नाही. मुद्दा रोजच्या वापराचा आहे. दोघं मिळून एखादी जागा वापरतात, दोघांनाही तिथे मोकळेपणाने जाता-येता येतं, तेव्हा आपल्या सोबत्याने कुणाला तरी आत घेण्याचा धोका प्रत्येकाने पत्करलेलाच असतो, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे नाव कुणाचं याला नाही, वावर कुणाचा याला महत्त्व.

आम्ही चौघं विद्यार्थी एका अपार्टमेंटमध्ये राहतो. एकाने हो म्हटलं तर काय काय उघडलं जातं?

हॉल, स्वयंपाकघर, सामाईक बाथरूम, हे सगळं. तुमची स्वतंत्र खोली असेल आणि तिथे इतरांचा वावर नसेल, तर रूममेटच्या होकारावर ती उघडता येत नाही. दाराला कुलूप असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम. पण खरी परिस्थिती मला माहीत आहे. भाडं वाचवायला दोन बेडरूममध्ये पाच जण, त्यातला एक हॉलमध्ये गादी टाकून. ज्याचं अंथरूण हॉलमध्ये त्याच्या वाट्याला खाजगी म्हणावी अशी जागा फार थोडी उरते. खोली दोघांत असेल तर त्या खोलीला दोघांपैकी कुणीही संमती देऊ शकतो.

बंद बॅगेचं वेगळं. खोलीला संमती म्हणजे खोलीतल्या प्रत्येक बंद वस्तूला संमती, असं आपोआप होत नाही. मात्र बॅगही दोघं वापरत असतील तर तिच्यावरचा खाजगीपणाचा दावा टिकत नाही. १९६९ च्या फ्रेझर निकालात एक डफल बॅग दोन चुलतभावांच्या वापरात होती. एकाने ती पोलिसांना पाहू दिली, आत दुसऱ्याचे कपडे सापडले. त्या दुसऱ्याचा युक्तिवाद असा, की भावाला फक्त एकच कप्पा वापरायची परवानगी होती. न्यायालयाने तो ऐकला नाही. भारतातून येताना दोघांचं सामान एका बॅगेत भरायची आपली सवय आठवून पाहा.

घरमालक किंवा लीजिंग ऑफिसचा मॅनेजर किल्ली देऊ शकतो का?

नाही. तुम्ही भाडेकरू असेपर्यंत नाही. १९६१ च्या चॅपमन निकालातला जॉर्जियातला घरमालक स्वतः पोलिसांना घेऊन गेला होता. भाडेकरूच्या घरातून दारूच्या आंबवणाचा वास येत होता, पोलीस त्याच्या सांगण्यावरून खिडकीतून शिरले, आत भट्टीही सापडली. तरी झडती अवैध ठरली. नळ दुरुस्त करायला मालक येऊ शकतो, अशी कलमं करारात असतात. ती दुरुस्तीसाठी असतात. त्या हक्काच्या आधारे त्याला पोलिसांना संमती देता येत नाही.

हॉटेलची खोली?

तेच. १९६४ च्या स्टोनर निकालात कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या हॉटेलच्या रात्रपाळीच्या कारकुनाने पोलिसांना पाहुण्याची खोली उघडून दिली. न्यायालयाने सांगितलं की हा हक्क पाहुण्याचा होता, कारकुनाचा नव्हता. साफसफाईला आत येणं वेगळं आणि पोलिसांना आणणं वेगळं. चेक-आउटची वेळ उलटून गेल्यावर मात्र हे संरक्षण सहसा उरत नाही.

मोटेल चालवणारे आपले गुजराती शेजारी इथे ओघाने येतातच. लॉस एंजेलिस शहराच्या विरोधात पटेल मंडळींनी लढलेला खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला. पोलीस मागतील तेव्हा पाहुण्यांची नोंदवही दाखवलीच पाहिजे, नाहीतर गुन्हा, असा शहराचा नियम होता. तटस्थ अधिकाऱ्यापुढे आधी हरकत मांडायची संधी मालकाला मिळाली पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. नोंदवही ही मालकाची, खोली पाहुण्याची; दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कुणाचा हक्क कशावर, हे नीट दिसतं.

आईबाबा भारतातून आले आहेत. त्यांनी पोलिसांना आत घेतलं तर ती संमती धरली जाते का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

महिनोन्‌महिने घरात राहणारे, स्वयंपाक करणारे, किल्ली असलेले आईवडील हे पोलिसांच्या नजरेला घरचेच दिसतात, आणि सामाईक जागांपुरती त्यांची संमती पुरेशी ठरण्याची शक्यता मोठी. पण संमती देण्याचा हक्क असणं ही अर्धीच गोष्ट. ती संमती राजीखुशीची होती का, हा दुसरा प्रश्न, आणि तो सरकारी पक्षाला सिद्ध करावा लागतो.

१९७३ च्या श्नेकलॉथ निकालाने यासाठी एकच ठोस कसोटी ठेवलेली नाही. सगळी परिस्थिती मिळून पाहायची: माणसाचं वय, शिक्षण, समज, किती वेळ अडवून ठेवलं, कसं विचारलं. इंग्रजी किती कळत होतं, हेही त्यात येतं. पण त्याच निकालात एक कडू गोष्ट आहे. 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक नाही. तुमच्या आईला तो हक्क माहीत नव्हता, एवढ्यावरून संमती रद्द होत नाही.

दुभाषी म्हणून मला इथे आपल्या बोलण्याची भीती वाटते. आपली वडीलधारी माणसं ऐकत असताना 'हो, हो' म्हणत राहतात. त्या 'हो'चा अर्थ 'मान्य आहे' असा नसतो. 'ऐकतेय, पुढे बोला' असा असतो. कळलं नाही तरी मान हलते. खाकी असो वा निळा, गणवेश दारात दिसला की 'या, बसा, पाणी घ्या' हे तोंडून निघतंच. बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रफितीत मात्र एक हसतमुख बाई 'येस, येस' म्हणत दारातून बाजूला होताना दिसते. तो 'येस' ऐकतोय या अर्थाचा होता, हे नंतर पटवून द्यायला फार घाम गाळावा लागतो, आणि तरी पटेलच असं नाही.

पोलिसांनी 'आमच्याकडे वॉरंट आहे' असं म्हटल्यावर दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे मात्र पक्कं आहे. १९६८ चा बंपर निकाल. नॉर्थ कॅरोलायनातल्या खेड्यातल्या घरी ६६ वर्षांच्या एक आजी होत्या, आरोपी त्यांचा नातू. चार गोरे अधिकारी आले, वॉरंट आहे म्हणाले, कृष्णवर्णीय आजींनी 'बघा' म्हणून वाट दिली. स्वयंपाकघरात बंदूक सापडली. पुढे सरकारी पक्ष वॉरंटवर नव्हे, आजींच्या संमतीवर विसंबला. न्यायालय म्हणालं, वॉरंट आहे असं सांगणं म्हणजेच तुम्हाला अडवायचा हक्क नाही असं सांगणं. त्यापुढे मान तुकवणं ही संमती नाही.

आईबाबांना काय शिकवायचं? एकच वाक्य, इंग्रजीत, पाठ करून: 'आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च. प्लीज कॉल माय सन.' मुलगी असेल तर 'डॉटर'. सौम्यपणे म्हणायचं, हात दिसतील असे ठेवायचे, अंगाने अडवायचं नाही. पोलीस तरीही आत शिरले तर धक्काबुक्की नाही, पुन्हा तेच वाक्य.

दार उघडलंच नाही तर तो गुन्हा होतो का?

वॉरंट नसताना नुसतं दार वाजवणाऱ्या पोलिसाला दार उघडायची किंवा बोलायची सक्ती नाही. २०११ च्या केंटकी विरुद्ध किंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे लिहून ठेवलं आहे. दाराआडून बोललं तरी चालतं.

मुलाने दार उघडलं आणि पोलिसांना आत घेतलं?

राज्याराज्यांत आणि मुलाच्या वयानुसार उत्तर बदलतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या जेकब्ज निकालात ११ वर्षांच्या सावत्र मुलीची संमती मान्य केली नाही. सतरा वर्षांच्या, घर सांभाळणाऱ्या मुलाबद्दल असं खात्रीने सांगता येणार नाही.

मी तेवीस वर्षांचा आहे, आईवडिलांच्या घरी राहतो. ते माझी खोली उघडून देऊ शकतात का?

खोली बहुधा हो, खोलीतली कुलूपबंद पेटी बहुधा नाही. १९७८ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने नेमकी हीच रेघ ओढली: ब्लॉक या तरुणाच्या आईची संमती खोलीपुरती चालली, त्याच्या कुलूप लावलेल्या ट्रंकेला नाही. १९९१ च्या व्हिटफील्ड निकालात वॉशिंग्टन शहरातलं अपील न्यायालय आणखी पुढे गेलं. आई आहे, घर तिचं आहे, म्हणून प्रौढ मुलाच्या खोलीत तिचा वावर असेलच, असं एफबीआयने धरून चालायला नको होतं. आधी विचारायला हवं होतं.

इथे आपली घरं कठीण जागी सापडतात. कपडे घडी करून कपाटात ठेवायला आई रोज खोलीत जाते, दाराला कडी लावलेली कुणाला खपत नाही, भाडं घ्यायचा तर प्रश्नच नाही. प्रेमाच्या याच खुणा न्यायालयात 'सामाईक वापर' म्हणून वाचल्या जातात.

नवरा 'नाही' म्हणतो आणि बायको 'हो'. मग?

दोघंही दारात हजर असतील तर 'नाही' जिंकतो. २००६ चा जॉर्जिया विरुद्ध रँडॉल्फ निकाल. अमेरिकस नावाच्या गावी नवराबायकोचं भांडण, बायकोनेच पोलिसांना बोलावलेलं. नवरा पेशाने वकील. पोलिसांनी त्याला विचारलं, त्याने साफ नकार दिला. मग बायकोला विचारलं, तिने वरच्या खोलीत नेलं आणि तिथे कोकेनचे कण असलेली स्ट्रॉ सापडली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ती झडती त्या नवऱ्याविरुद्ध अवैध ठरवली. घरात राहणाऱ्या दोघांपैकी एक 'या' आणि दुसरा 'येऊ नका' म्हणत असेल, तर कुठलाही समजूतदार पाहुणा आत पाऊल टाकणार नाही, असा त्यामागचा विचार.

पण या निकालाची धार फार अरुंद आहे. हरकत घेणारा तिथे स्वतः हजर हवा आणि त्याने तोंडाने म्हटलं पाहिजे. मॅटलॉक जवळच पोलिसांच्या ताब्यात होता, त्याला कुणी विचारलं नाही, त्याचा हक्क गेला. रॉड्रिग्ज (त्याचा निकाल पुढे येतोच) आत झोपला होता, त्याचाही गेला. न्यायालयाने रँडॉल्फ निकालात हे दोन्ही जुने निकाल जसेच्या तसे ठेवले, आणि ही रेघ बारीक आहे हे स्वतःच कबूल केलं. ऑफिसातून फोनवर 'त्यांना आत घेऊ नकोस' म्हणणं बायकोसाठी सल्ला आहे, कायद्याच्या लेखी हजर माणसाची हरकत नाही. दारावर पाटी लावण्याचंही तेच.

२०१४ च्या फर्नांडिस निकालाने धार आणखी कमी केली. लॉस एंजेलिसमध्ये फर्नांडिसने दारात येऊन 'तुम्हाला आत यायचा हक्क नाही' असं ठणकावलं. पोलिसांनी त्याला अटक करून नेलं. साधारण तासाभराने परत येऊन घरातल्या बाईंकडे संमती मागितली, ती तोंडी आणि लेखी मिळाली. सहा विरुद्ध तीन मतांनी झडती वैध ठरली. अटक कायदेशीर असेल तर माणसाबरोबर त्याची हरकतही घरातून बाहेर जाते.

मला हा निकाल पूर्वी फार खुपायचा. मग त्यातली दुसरी बाजू लक्षात आली, आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. त्या बाईंच्या अंगावर ताज्या मारहाणीच्या खुणा होत्या, हातात तान्हं बाळ होतं. घर त्यांचंही होतं. फर्नांडिस कोठडीत असतानाही त्याचाच 'नाही' घरावर राज्य करत राहिला असता तर त्या बाईच्या 'हो'ला किंमत काय?

माझ्यावर हात उचलला जातोय. नवरा दारात 'सगळं ठीक आहे' म्हणाला तर पोलीस परत जातील का?

नाही, आणि हे प्रत्येक बहिणीने लक्षात ठेवावं. रँडॉल्फ निकाल झडतीबद्दल आहे, तुमच्या संरक्षणाबद्दल नाही. घरात कुणाला मारहाण होते आहे किंवा होणार आहे असं मानायला कारण असेल तर पोलीस कुणाच्याही नकाराला न जुमानता आत येऊ शकतात. त्याच निकालात हे स्पष्ट लिहिलं आहे. सामान घेऊन बाहेर पडायचं असेल तर तेवढा वेळ पोलिसांना बरोबर उभं राहायला सांगता येतं. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे म्हणून ९११ ला फोन करायला घाबरू नका. मराठी किंवा हिंदी दुभाषी मागा, फोनवर मिळू शकतो.

हक्क नसलेल्याने 'हो' म्हटलं, पण पोलिसांना तो घरचाच वाटला तर?

तर झडती टिकू शकते. १९९० च्या रॉड्रिग्ज निकालात शिकागोतल्या एका बाईंनी किल्लीने दार उघडून दिलं. 'आमचं' घर म्हणाल्या, कपडे आणि फर्निचर तिथे आहे म्हणाल्या. प्रत्यक्षात त्या काही आठवड्यांपूर्वीच तिथून निघाल्या होत्या, भाडंही देत नव्हत्या. त्यांना संमतीचा हक्क नव्हता हे न्यायालयाने मान्य केलं. पण पोलिसांचा समज त्या वेळच्या माहितीवर वाजवी असेल तर झडती चालेल, असंही म्हटलं. म्हणून वेगळं झाल्यावर किल्ली परत घेणं, कुलूप बदलणं याला अर्थ आहे. हवाई राज्याने स्वतःच्या घटनेखाली हा 'दिसणारा हक्क' स्वीकारलेला नाही. १९९५ पासून तिथे खरा हक्कच लागतो.

घरातला कॉम्प्युटर आणि फोन?

सगळ्यांच्या वापरातला, पासवर्ड नसलेला कॉम्प्युटर घरातलं कुणीही दाखवू शकतं. एकाच कॉम्प्युटरवर ज्याच्या त्याच्या पासवर्डखाली असलेल्या फाइलींबद्दल २००१ च्या ट्रुलॉक निकालाने सांगितलं, की पासवर्ड माहीत नसलेल्या जोडीदाराची संमती त्या फाइलींना पुरत नाही. त्या कुलूप लावलेल्या पेटीसारख्या.

पण २००७ च्या अँड्रस निकालात ९१ वर्षांच्या वडिलांनी ५१ वर्षांच्या मुलाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला संमती दिली. इंटरनेटचं बिल वडिलांच्या नावावर. पोलिसांचं सॉफ्टवेअर पासवर्ड न विचारता थेट हार्ड डिस्क वाचणारं होतं, त्यामुळे कुलूप आहे की नाही हे त्यांना दिसलंच नाही. झडती टिकली. मला हा निकाल चुकीचा वाटतो: न पाहता पुढे गेलं तर कुलूप दिसणार कसं? तरी निकाल आहे तो आहे. मुलाच्या फॅमिली प्लॅनचं बिल भरणाऱ्या बाबांनी तो ध्यानात ठेवावा.

अटकेतल्या माणसाच्या मोबाइलसाठी २०१४ च्या रायली निकालापासून सर्वसाधारणपणे वॉरंट लागतं. पण संमती दिली तर वॉरंटची गरज संपते, म्हणून 'जरा फोन बघू' याला हसत हसत पासवर्ड सांगू नका.

ऑफिसचा लॅपटॉप?

कंपनीचा. बहुतेक वेळा कंपनी संमती देऊ शकते.

युनिव्हर्सिटीच्या होस्टेलमधली खोली?

ती तुमचं घर मानली जाते. अलाबामातल्या ट्रॉय स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात १९७१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की नियमांत खोली तपासायचा हक्क ठेवला म्हणून युनिव्हर्सिटीला तो पोलिसांच्या हाती देता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधलं १९९६ चं प्रकरण तर एका मांजरापासून सुरू झालं. दुरुस्तीवाल्याला खोलीत मांजराचा आवाज आला, कॉलेजची माणसं नियमाप्रमाणे बघायला गेली, त्यांना गांजाची रोपं दिसली. इथवर ठीक. त्यांनी कॅम्पस पोलिसांना बोलावलं आणि पोलीस वॉरंटशिवाय आत शिरले. तो पुरावा बाद झाला.

गाडी मित्राची, चालवणारा मी. मी हो म्हटलं तर?

चालवणाऱ्याची संमती सहसा चालते. श्नेकलॉथ प्रकरण मुळात गाडीचंच होतं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये पहाटेच्या सुमारास गाडी थांबवली, एक दिवा बंद होता. आत सहा जण. मालकाच्या भावाने 'खुशाल बघा' म्हटलं, डिकी उघडायला मदतही केली. मागच्या सीटखाली चोरीचे तीन चेक सापडले आणि शिक्षा झाली ती दुसऱ्याच प्रवाशाला. १९९१ च्या हिमेनो निकालाप्रमाणे, अमली पदार्थ शोधायला गाडीला संमती दिली की गाडीत खाली पडलेली कागदी पिशवीही त्यात आली. नको असेल तर संमती देतानाच मर्यादा सांगा: 'डिकी बघा, बॅगा नाही.'

दिलेली संमती परत घेता येते का?

काही सापडायच्या आधी, स्पष्ट शब्दांत, येते.

पुण्याहून बहिणीने काळजीपोटी इथल्या पोलिसांना 'भाऊ फोन उचलत नाही, बघून या' असं सांगितलं. पोलिसांना आत जायचा हक्क मिळतो का?

नुसत्या फोनमुळे नाही. विनंती करणं ही संमती नाही. बहीण त्या घरात राहतच नाही. माणूस आत खरोखर अडचणीत असल्याचं वाजवी कारण दिसलं तर पोलीस शिरू शकतात. २०२१ च्या कॅनिग्लिया निकालात ऱ्होड आयलंडमधल्या पत्नीने नवऱ्याच्या काळजीने फोन केला होता. पोलिसांशी बोलून नवरा तपासणीसाठी हॉस्पिटलात गेला, आणि तो गेल्यावर पोलिसांनी घरात शिरून त्याच्या बंदुका नेल्या. 'लोकांची काळजी घेण्याचं काम' हे घरात शिरायचं सर्रास कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं. तरीही भाऊ खरंच संकटात असेल अशी शंका असेल तर बहिणीने फोन करावाच.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना हे हक्क आहेत का?

आहेत. घटनादुरुस्तीत 'नागरिक' नव्हे, 'लोक' असा शब्द आहे, आणि इथे रीतसर राहणारे त्यात येतात. इमिग्रेशनचे अधिकारी आले तर कागदावर सही कुणाची आहे ते पाहा. न्यायाधीशाने दिलेलं वॉरंट आणि इमिग्रेशन खात्यातल्याच अधिकाऱ्याने सही केलेला कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींना बोलीत 'वॉरंट'च म्हणत असले तरी. दाराखालून सरकवायला सांगा, फोटो काढून वकिलाला पाठवा.

सगळ्या राज्यांत नियम सारखेच?

वर दिलेलं ते किमान संरक्षण. राज्यं जास्त देऊ शकतात. न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती भरपूर, १९७५ च्या जॉन्सन निकालापासून सरकारी पक्षाला हेही दाखवावं लागतं की संमती देणाऱ्याला नकाराचा हक्क माहीत होता. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे सिॲटलकडच्या मंडळींसाठी, १९९८ च्या फेरियर निकालाने घरी येऊन झडतीची संमती मागणाऱ्या पोलिसांवर 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे आधी सांगायची सक्ती केली आहे.

संमती चुकीची ठरली तर खटला संपतो?

आपोआप नाही. तो पुरावा वगळावा असा अर्ज वकिलाला करावा लागतो. राज्यांच्या न्यायालयांनाही हा नियम १९६१ च्या मॅप निकालापासून लागू आहे. दुसरा पुरावा असेल तर खटला चालू राहतो. शिवाय हा अर्ज ज्याच्या खाजगीपणावर घाला आला त्यानेच करायचा असतो. म्हणून प्रसंग झाल्यावर त्याच दिवशी लिहून काढा: किती वाजता, किती जण, काय विचारलं, घरच्याने नेमके कोणते शब्द वापरले, कोणत्या भाषेत.

भारतात हे असंच आहे का?

नाही, आणि म्हणूनच आईबाबांना इथलं सगळं अनोळखी वाटतं. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिथे प्रश्न 'कोण हो म्हणालं' असा फारसा नसतोच. वॉरंट दाखवल्यावर जागा ताब्यात असलेल्याने वाट द्यायची असते (कलम १०३), आणि तपासी अधिकारी कारणं लिहून वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो (कलम १८५). संरक्षण दुसऱ्या बाजूने येतं: परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच, जप्त वस्तूंची यादी, आणि आता कलम १०५ प्रमाणे दृकश्राव्य चित्रीकरण. नियम मोडून मिळवलेला पुरावाही भारतात सहसा बाद होत नाही. पूरणमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या अखेरीस हे ठरवलं.

त्यामुळे दारात पोलीस दिसले की आपली आजी विचारते, 'पंच कुठे आहेत?' इथे पंच बोलवायची पद्धत नाही. बॉडी कॅमेरा असेल तर तो, आणि ती स्वतः काय म्हणाली ते.